कोरडं घोंगडं

१

“बाई, आईनं बोलवलंय. म्हणती, माझा ल्योक चोरीला गेला.”

मानसिंग दारात उभा राहून हे बोलला तेव्हा मी एका माणसाचा भात लावत होते. एका माणसाचा भात कधी नीट होत नाही; एक तर करपतो, नाही तर त्याचा गिचका होतो. त्या दिवशी मी चूलच विझवली आणि छत्री घेतली.

१९४५चा श्रावण होता. जर्मनी पडली तेव्हा शाळेत मुलींना बत्तासे वाटून झाले होते, पण जपानशी लढाई चालूच होती. कऱ्हाडजवळच्या मलकापूरच्या पलीकडचं, कोयनेकाठचं आमचं गाव म्हणजे घरटी एक माणूस फौजेत. रॉकेल मिळेना, धडुत्याला कापड मिळेना, आणि तारवाल्याची सायकल दिसली की बायका धडाधड दारं लावून घ्यायच्या. जशी काही दार लावलं की तार परत जाणार होती.

मी मूळची वाईची, मुलींच्या शाळेची मास्तरीण. नाव विनोदिनी, पण माझा विनोदाशी फारसा संबंध नाही असं आमच्या शाळा तपासणाऱ्या साहेबांचं मत. ऐन तारुण्यात कपाळ मोकळं झालं, मग शिकले आणि बदल्या होत होत इथे येऊन पडले. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची खोड मात्र जन्मजात. देवळातली समई आणि पाटलाच्या सुनेची नथ शोधून दिल्यापासून गाव मला पाठीमागे ‘फौजदारीण’ म्हणायचं. खऱ्या फौजदाराला बोलवावं तर पत्री सरकारवाल्यांचा डोळा, आणि पत्री सरकारकडे जावं तर फौजेत पोरगा धाडलेल्या घराला ते काय दाद देणार? तेव्हा उरले मी.

“नेमकं गेलंय काय?” मी वाटेत विचारलं.

“लालादादाचा फोटो.”

लालासाहेब मानसिंगचा थोरला भाऊ. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता. गेल्या उन्हाळ्यात ‘बेपत्ता’ म्हणून तार आली आणि त्यानंतर चकार शब्द नाही. त्याची बायको शालूबाई रोज सकाळी कपाळभर कुंकू लावत होती. त्या एका कुंकवावर सगळ्या गावाचा डोळा. बातमी बरी आली तर ते राहणार, वाईट आली तर त्याच दिवशी पुसलं जाणार.

“आणि चोर मला ठाऊक हाय,” मानसिंग खालच्या आवाजात म्हणाला. “आमची वैनी.”

२

सोप्यात बनुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दिसायचं बंद झालेलं. रोज सकाळी आंघोळ झाली की त्या भिंतीच्या आधाराने चालत यायच्या, फोटोची चौकट चाचपायच्या आणि काचेवरून हात फिरवत म्हणायच्या, “उठलास का रं, लाला?” हे सगळ्या आळीला पाठ होतं.

“बाई, पंधरवडाभर म्या जोतिबाच्या गालावरनं हात फिरवीत हुते,” त्या म्हणाल्या. “त्यो द्येव कावला आसंल, न्हाई तर हसला तरी आसंल.”

मी भिंतीकडे बघितलं. खिळ्यावर जोतिबाची तसबीर होती. दोन्ही चौकटी कऱ्हाडच्या एकाच दुकानातल्या, एकाच मापाच्या. लालासाहेबाचा फोटो काढून कुणीतरी तिथे देवघरातला जोतिबा लावला होता.

मानसिंग सांगलीला कॉलेजात शिकत होता. पंचमीसाठी काल घरी आला आणि उंबऱ्यातच त्याच्या हे लक्षात आलं. “वैनी दिसभर हितंच जोंधळं निवडत बसती. तिला दिसलं न्हाई व्हय? म्हायेरचं लोक तिला न्यायला बसल्यात. जायाच्या आदी फोटो लपीवला. पर मी तिची ट्रंक बघितली, काय न्हाई घावलं.”

दुसऱ्याची ट्रंक उचकटणाऱ्या कॉलेजकुमाराला मी एक शब्दही बोलले नाही. माझं लक्ष जोतिबाकडे होतं.

मला तिथेच एक गोष्ट लख्ख कळली. चौकट लाकडाची, काच साधी, विकून दमडीही मिळायची नाही. चोराला फोटोच हवा होता. आणि त्याच्या जागी दुसरी तसबीर लावून तो फसवणार कुणाला? डोळस माणसाला तर मुळीच नाही. ही सगळी खटपट फक्त बनुबाईंच्या हातासाठी होती. म्हणजे ज्याने फोटो नेला त्याला बनुबाईंची रोजची रीत माहीत होती, आणि त्यांना दुःख होऊ नये अशी त्याची इच्छा होती. असला मायाळू चोर मी आजवर बघितला नव्हता.

“मधल्या दिवसांत घरी कुणी आलं होतं का?”

“आला हुता की योक. गुंडा त्येचं नाव. जतंकडचा मेंढका हाय, फौजेत गेलेला,” बनुबाई म्हणाल्या. “पावसातनं आला आन् पानी मागितलं. मग हितं हुबा ऱ्हायला, लय येळ. म्या इचारलं, लेकरा, माज्या लालाला कुटं बघितलंस का? तर म्हनला, ‘न्हाई, अव्वा.’ त्येंच्यात आईला आसंच म्हनत्यात. मग माजं पाय धरलं त्यानं. हात गार पडलं हुतं त्याचं. च्यापन घेतला न्हाई. आमचं मालक त्येला कऱ्हाडच्या मोटारीपातूर पोचवाया गेलं.”

“आणि फोटो केव्हा गेला?”

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. “त्येच्या दुसऱ्याच दिशी.” आत शालूबाई भाकरी थापत होती. म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं, आणि ती पंधरवडाभर गप्प बसली होती.

३

मी चुलीपाशी पाटावर बसले. शालू पंचविशीची असेल. तोंडावर धग घेत तिने माझ्याकडे न बघता भाकरी तव्यात टाकली.

“फोटो तू घेतलास?”

“न्हाई.”

“कुणी घेतला, माहीत आहे?”

“त्ये तुमी हुडका. तुमी फौजदारीन,” ती म्हणाली. तोंडावर मला तसं म्हणणारी गावात ती पहिलीच.

“मग त्याच दिवशी आरडाओरडा का नाही केलास? दीर तुझ्यावर आळ घेतोय. गावात बभ्रा झाला म्हणजे?”

“होऊ द्या. आळानं मानूस मरत न्हाई.” तिने भाकरीवर पाणी फिरवलं. मग उलथन्याने भाकरी परतता परतता म्हणाली, “त्या पावन्याला पोचवून मामंजी आलं, तवा नखशिखांत वलं हुतं. पागुट्यापासनं धोतरापातूर. आवं, दुपारनं तर उघडीप पडली हुती. म्या त्येंच्या हातातनं घोंगडं घेतलं वाळत घालाया, तर त्ये कोरडं ठनठनीत.”

एवढं बोलून तिने भाकरी आरावर टाकली. ती फुगली. शालूने ती काढून दुरडीत ठेवली आणि माझ्याशी बोलणं संपल्यासारखी दुसरा उंडा मळायला घेतला.

हंबीरराव, तिचे सासरे, बाहेर ओट्यावर दाव्याला पीळ देत बसले होते. पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले, मिशा अजून ताठ.

“फोटू ग्येला तर जाऊ द्या,” मी विचारायच्या आधीच ते मोठ्याने म्हणाले. “मानूस येनार हाय की! मानूस आल्यावर फोटू कशाला पायजे?”

ते इतक्या मोठ्याने कुणाला ऐकवत होते ते मला कळलं. आतल्या दोघींना.

“हंबीरराव, त्या दिवशी तुम्ही भिजून कसे आलात?”

“घाटावर पाय घसारला.”

“घोंगड्यासकट घसरलात?”

दाव्याचा पीळ त्यांच्या हातातून सुटला. मग त्यांनी भाकरीचं फडकं बगलेत मारलं, पाटी उचलली आणि म्हणाले, “गुऱ्हाळाकडं जाऊन येतो.” घोंगड्याची खोळ डोक्यावर घेऊन ते चालायला लागले.

श्रावणात गुऱ्हाळ? ऊस अजून पुरुषभर उंचीचा, शेतात उभा. रस आटवायची काहील पालथी पडलेली असणार, चुलाणात उंदीर. तिथे या दिवसांत कुणाचं काय काम?

मी परतताना अंगणातल्या कण्हेरीकडे बघितलं. झाड भरलेलं, कळ्या मुबलक, पण उमललेलं फूल एकही नव्हतं. रोज कुणीतरी सगळी ओरबाडून नेत होतं. देवघरात मी मघाशीच डोकावले होते. तिथे देवांच्या डोक्यावर फक्त जास्वंद होती.

४

दुसऱ्या दिवशी शाळेला पंचमीची सुट्टी होती. रिकाम्या वर्गात मी बसून राहिले. बाहेर बायका गाणी म्हणत वारुळाला निघाल्या होत्या. त्यात नवऱ्यांची वाट बघणाऱ्या अर्ध्याअधिक. मला कुणी बोलवत नाही, आणि बोलवू नये हेही मी आता शिकले आहे.

माझा हिशेब असा चालला होता. गुंडाने फोटो नेला असेल? शक्य नाही. त्याला बनुबाईंची रीत ठाऊक नव्हती, आणि तो आदल्याच दिवशी गेला. मानसिंग तेव्हा सांगलीला. शालूला फोटो लपवायचा असता तर तिने पहिल्याच दिवशी बोंब ठोकून आळ दुसऱ्यावर घातला असता. उरले हंबीरराव. पण ज्याची सगळे वाट बघतात त्या पोराचा फोटो बापानेच का उचलावा?

आणि ते घोंगडं. घसरून पडलेला माणूस घोंगडं कोरडं ठेवून पडत नाही. ते काढून, नीट घडी करून, काठावर ठेवलेलं होतं. पागोटं मात्र डोक्यावर आणि धोतर कमरेला. कपड्यांनिशी पाण्यात उतरणारा माणूस एवढी एक वस्तू तेवढी बाजूला का ठेवेल?

वाईच्या घाटावर उभे असलेले माझे वडील मला आठवले. त्यांचे थोरले भाऊ काशीला वारले, आणि ती बातमी घरी आली वर्ष उलटून गेल्यावर. वडील काही न बोलता उठले, कृष्णेत उतरले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी बुडी मारून आले. आईने विचारलं नाही. ओले कपडे बघूनच ती रडायला लागली. इतक्या उशिरा कळलेल्या मरणाचं सुतक धरत नाहीत. नुसती अशी आंघोळ करतात. आणि लोकरीला विटाळ नसतो. धाबळी काय, घोंगडं काय, ते बाजूला ठेवलं तरी चालतं.

पंधरवडाभर एक म्हातारा पोराच्या मरणाची आंघोळ करून घरात वावरत होता आणि ‘मानूस येनार हाय की’ म्हणत होता.

वर्ष उलटल्यावर नुसत्या आंघोळीवर भागतं, ही सवलत बापाला आहे, भावाला आहे. बायकोला नाही. तिला कधीही कळो, सगळं भोगावंच लागतं. हे मला कुणी पोथीतून वाचून दाखवायची गरज नव्हती.

मी छत्री उचलली आणि गुऱ्हाळाची वाट धरली.

५

उसाच्या मधून चिखल तुडवत गेले. खोपीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत गुळाचा जुना, आंबूस वास. चुलाणाच्या वरच्या खांबाला लालासाहेब टांगलेला होता. फौजेचा डगला, ओठांवर दाबलेलं हसू. आणि त्याच्या गळ्यात कण्हेरीच्या ताज्या फुलांचा हार.

हंबीरराव पलीकडच्या दारात उकिडवे बसले होते. समोर पानावर भाकरीचा तुकडा. ते कावळ्याची वाट बघत होते.

“शिवंना बगा,” ते मागे न बघता म्हणाले. “रोज ठिवतो. पावसाचं कावळंबी येत न्हाईत.”

मी खाली बसले.

“लाला आन् त्यो गुंडा, दोगंबी रंगूनच्या तुरुंगात हुतं, जपान्यांच्या,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “गेल्या साली पावसाच्या तोंडाला लाला तापानं ग्येला. गुंडाच्या मांडीवर. मोटारीच्या वाटंवर सांगितलं त्यानं मला. घरात दोघींम्होरं त्येची जीब उचालली न्हाई.”

“आणि तुमची?”

“माजी तर आजूनबी न्हाई.” ते वळले. “दुसऱ्या दिशी सोप्यात ग्येलो, तर पोरगं माज्याकडं बगून हसतंय. बाई, जित्या मानसाच्या फोटूला हार घालीत न्हाईत, आन् मेलेल्याचा गळा उगडा ठिवत न्हाईत. तसाच ठिवला तर पोराला बेवारशी केल्यागत. हार घालावा तर सुनंचं कपाळ पुसलं. म्हातारी तर हातानंच वळीखनार. काय करावं मी? म्हून हितं आनला. हितं त्येला हार घालतो, भाकरी देतो. घरी जाऊन त्येची वाट बघतो.”

मी आजवर अनेक चोर पकडले. पकडल्यावर रडू मलाच आलं, असं तेवढं पहिल्यांदा झालं.

“बाई, तुमाला गाव मानतं,” हंबीररावांनी हात जोडले. “त्या गुंडानं न्हेला म्हून सांगा. त्यो काय परत यायचा न्हाई. माजी म्हातारी हाय तवर तरी पोरीचं कुंकू ऱ्हाऊ द्या.”

खोटं बोलायला मी तयार झाले होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. शब्दसुद्धा जुळवायला घेतले होते. तेवढ्यात दार करकरलं.

शालू दारात उभी होती. पदर भिजून डोक्याला चिकटलेला, कपाळावरचं कुंकू पावसाने जरासं ओघळलेलं.

“त्या गरीबावर कशाला घालता, मामंजी?” ती म्हणाली. “मला त्याच दिशी कळलंय. माजा चुलता ममईला वारल्याचं लय मागनं कळलं, तवा माज्या बानं तशीच आंगूळ केली हुती.”

हंबीरराव उठायला गेले आणि तसेच परत बसले.

“आणि तू कुंकू लावत राहिलीस?” मी विचारलं.

“म्या पुसलं आस्तं तर मामंजींनी झाकल्यालं उघडं पडलं आस्तं. आत्याबाईंना कळलं आस्तं.” ती माझ्याशी बोलत होती, पण नजर फोटोवर होती. “रोज लावताना बोट जड व्हायचं, बाई. एकाच घरात आमी दोगं, आन् योकमेकांम्होरं रडायची चोरी.”

आता मला कळलं. “घोंगड्याचं मला तू मुद्दाम सांगितलंस.”

“मी कशी इचारनार मामंजींना? कुनीतरी हुडकाया पायजे हुतं.” ती खांबापाशी गेली. “आळ येऊ दे न्हाई तर काय बी होऊ दे. मला त्येंस्नी एकदा बघायचं हुतं.”

तिने काचेवर कपाळ टेकलं आणि सासऱ्यांसमोर पहिल्यांदा मोकळेपणी रडली. म्हातारा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. मी बाहेर येऊन उसाकडे बघत बसले.

६

ठरलं ते असं. फोटो पुन्हा सोप्यात लावायचा, हाराशिवाय. काचेला तडा गेला म्हणून काच बदलायला हंबीररावांनीच तो नेला होता, असं बनुबाईंना मी सांगायचं. मास्तरणीच्या तोंडून खोटंसुद्धा धड्यासारखं वाटतं, असा माझा अनुभव.

मानसिंग पंचमीच्या कुस्त्या बघायला मलकापूरला गेला होता. हंबीररावांनी जोतिबा उतरवला, फोटो खिळ्याला अडकवला. मी धडा म्हटला. बनुबाईंनी तो शेवटपर्यंत ऐकला, मग भिंतीच्या आधाराने आल्या. त्यांची बोटं चौकटीच्या एका बाजूने वर गेली आणि दुसऱ्या बाजूने खाली आली. खालच्या कोपऱ्यात ती थांबली.

लाकडाच्या खाचेत कण्हेरीची एक पाकळी अडकून राहिली होती. आम्हा तिघा डोळसांना ती दिसली नव्हती.

बनुबाईंनी ती चिमटीत काढली, नाकाशी नेली आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. त्या गुंडाचा कापरा ‘न्हाई’ आणि थंड हात त्यांनी पंधरवडाभर जपून ठेवले असतील, असं मला आज वाटतं. आंधळ्या माणसाला घरातलं मौन आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं.

“फुलं उद्यापासनं हितंच घाला,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “त्येवढ्या लांब पावसात कशापायी जाताय?”

हंबीरराव तिथेच भिंतीला टेकून खाली बसले.

शालूचा हात कपाळाकडे गेला. बांगड्या किणकिणल्या. तो आवाज मी ओळखते. माझ्या वेळी तो झाला तेव्हा घरात पुष्कळ बायका होत्या, आणि एकीनेही माझा हात धरला नव्हता.

“हात खाली घे,” बनुबाई म्हणाल्या.

शालू थबकली.

“मला दिसत न्हाई,” म्हातारी म्हणाली. “तुज्या कपाळावर काय हाय आन् काय न्हाई, ह्ये मी बगितलं न्हाई, बगनार न्हाई. ज्येंला दिसतंय त्येनी माज्या दारात येऊन मला सांगावं. माजा ल्योक मला रडू दे. पर त्येनं लावलेलं त्ये कुंकू तुजं हाय. ऱ्हाऊ दे.” मग त्यांनी मान माझ्या दिशेने वळवली. “मास्तरीनबाई, तुमाला फोटूचोर घावला का?”

“नाही हो,” मी म्हणाले. “नाही सापडला.”

पंचमी होते न होते तोच जपानही पडला. शाळेत मी पुन्हा बत्तासे वाटले. बायका मुलींना न्यायला आल्या होत्या, त्यांत गावातच दिलेल्या नणंदेच्या पोरीसाठी शालूही होती, कपाळभर कुंकू लावून. तिच्या मागे मानसिंग अदबीने छत्री धरून चालला होता. बापाने त्याला सगळं सांगितलं होतं. सरकारी कागद यायचा तेव्हा येईल, आणि तो आला तरी बनुबाई दारात बसलेल्याच असतील.

“काय फौजदारीनबाई,” एकीने मला हसत टोकलं, “नथ घावती, समई घावती, आन् साधा फोटू घावला न्हाई व्हय?”

“नाही घावला, बये,” मी म्हणाले. माझ्या नावावर तेवढी एक चोरी तशीच राहिली आहे.

संध्याकाळी खोलीवर आले आणि एका माणसाचा भात लावला. ‘हात खाली घे’ हे शब्द मला आठवत राहिले. मला कुणी तसं म्हटलं नव्हतं. मी खूप रडले, आणि भात करपला.